वकील, वकिलात आणि गवाही : हेन्री मॉर्गेंथाऊ यांचं आयुष्य

आपल्या मराठीत एक गंमत आहे. कोर्टात बाजू मांडतो तो वकील, आणि परदेशातल्या राजदूताच्या कचेरीला आपण म्हणतो वकिलात. पेशवाईत एका दरबाराचा माणूस दुसऱ्या दरबारात राहून बोलणी करायचा, त्यालाही वकीलच म्हणत. शब्द अरबीतला, फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आलेला. अर्थ सरळ आहे : ज्याच्यावर दुसऱ्याने भरवसा टाकून आपलं काम सोपवलं, तो वकील.

आज ज्या माणसाबद्दल लिहितोय तो दोन्ही अर्थांनी वकील होता. नाव हेन्री मॉर्गेंथाऊ. जन्माने जर्मन, धर्माने यहुदी, नागरिक अमेरिकेचा. न्यूयॉर्कमध्ये वकिली केली, जमिनींच्या व्यवहारात पैसा कमावला आणि १९१३ साली उस्मानी सल्तनतीत अमेरिकेचा राजदूत म्हणून इस्तंबूलला पोचला. तिथे त्याने जे पाहिलं आणि जे लिहून ठेवलं, ते आपल्यासारख्यांना वाचायला सोपं नाही. म्हणूनच ते वाचलं पाहिजे असं मला वाटतं.

कारण सांगतो. वर्गात पहिलं महायुद्ध आणि खिलाफत चळवळ शिकवत होतो. मौलाना मुहम्मद अली, शौकत अली, गांधीजी, मुंबईतली खिलाफत कमिटी, सगळं मोठ्या उत्साहाने सांगून झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. सर, त्याच काळात तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांना मारलं म्हणतात, ते खरं आहे का? मी काहीतरी गोलमोल उत्तर दिलं. युद्धात सगळीकडे असंच होतं, वगैरे. पोरगी खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. घरी आल्यावर माझंही झालं नाही. मग वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता मॉर्गेंथाऊ भेटले.

तंबाखूवाल्याचा मुलगा

हेन्री यांचा जन्म २६ एप्रिल १८५६ रोजी जर्मनीतल्या मानहाइम शहरात झाला. वडील लाझारस यांचा सिगार बनवायचा धंदा होता आणि माल अमेरिकेला जायचा. घर मोठं, भावंडं पुष्कळ, खाऊन-पिऊन सुखी. पण अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या तंबाखूच्या मालावर जबर जकात बसवली, आणि लाझारस यांचा धंदा बसला. १८६६ साली हे कुटुंब न्यूयॉर्कला आलं. हेन्री तेव्हा १० वर्षांचे होते आणि त्यांना धड इंग्रजी येत नव्हतं.

वडिलांचा जम नव्या देशात काही बसला नाही. एकामागून एक योजना काढायचे आणि एकामागून एक बुडायच्या. घरच्या तंगीमुळे हेन्री यांना कॉलेजचं शिक्षण मधेच सोडावं लागलं. पण पोरगा जिद्दी. वकिलाच्या ऑफिसात कारकुनी केली, रात्रशाळेत शिकवलं आणि कोलंबिया विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधून कायद्याची पदवी घेतली. रात्रशाळेत शिकवून स्वतःची फी भरणारा हा मुलगा मला, एका मास्तराला, तिथेच आपला वाटला.

१८७९ साली मित्रांबरोबर त्यांनी वकिलीची फर्म काढली. १८८० च्या दशकात जोसेफिन साइक्स यांच्याशी लग्न झालं, तीन मुली आणि एक मुलगा झाला. वकिली चांगली चालली, पण खरा पैसा मिळाला तो जमिनीत. न्यूयॉर्क शहर उत्तरेकडे वाढत होतं, जमिनीखालून रेल्वे येणार होती. ती कुठून जाणार आणि लोक कुठे राहायला जाणार, याचा अंदाज त्यांना अचूक यायचा. पन्नाशीपर्यंत ते चांगलेच श्रीमंत झाले होते.

नको असलेली नेमणूक

पैसा झाला की माणसाला वाटतं आता लोकांसाठी काहीतरी करावं. मॉर्गेंथाऊ यांनी १९१२ च्या निवडणुकीत वुड्रो विल्सन यांच्यासाठी काम केलं. पक्षाच्या निधी समितीचे ते प्रमुख होते. विल्सन निवडून आले. मॉर्गेंथाऊ यांना मंत्रिपदाची, त्यातही अर्थखात्याची, आशा होती. हाती आलं ते तुर्कस्तानचं राजदूतपद.

त्यांना ते लागलं. त्याआधीही उस्मानी दरबारात अमेरिकेने यहुदी माणसं पाठवली होती. जणू यहुद्यांसाठी एवढी एकच खुर्ची राखून ठेवली होती. बाकी दारं बंद. मॉर्गेंथाऊ यांनी आधी साफ नकार दिला. आपल्यालाही हा अनुभव ओळखीचा आहे. कुठल्या समितीत अल्पसंख्याकांसाठी एक जागा ठेवायची आणि तेवढ्यावर हात झटकायचे. शेवटी त्यांचे मित्र, न्यूयॉर्कचे धर्मगुरू स्टीफन वाइज यांनी समजूत काढली. पॅलेस्टाइनमधले यहुदी त्या वेळी उस्मानी राज्यात होते, त्यांना राजदूताचा उपयोग होईल, असं वाइज यांचं म्हणणं. मॉर्गेंथाऊ यांनी होकार दिला आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये ते इस्तंबूलला पोचले.

जखमी सल्तनत

त्या वेळचं इस्तंबूल समजून घेतल्याशिवाय पुढचं समजणार नाही. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत उस्मानी सल्तनतीने युरोपातला जवळजवळ सगळा मुलूख गमावला होता. तिथून लाखो मुसलमान जीव मुठीत धरून निघाले होते. मशिदी, मदरसे, शहरातली मोकळी मैदानं मुहाजिरांनी भरून गेली होती. त्यांच्यावर झालेले जुल्म खोटे नव्हते. याच युद्धात जखमींच्या मदतीसाठी हिंदुस्थानातून डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचं वैद्यकीय पथक तुर्कस्तानला गेलं होतं आणि आपल्या लोकांनी त्यासाठी चंदा दिला होता.

सुलतान पाचवे मेहमद तख्तावर होते, पण सत्ता होती कमिटी ऑफ युनियन अँड प्रोग्रेस या पक्षाकडे. त्यातही तीन नावं मोठी. तलत, अन्वर आणि जमाल. तलत हे तारखात्यातल्या साध्या नोकरीतून वर येऊन गृहमंत्री झालेले. अन्वर अवघ्या ३२-३३ व्या वर्षी युद्धमंत्री. जमाल आरमाराचे मंत्री, पुढे शामचे कर्तेधर्ते. हे लोक मुल्ला-मौलवी नव्हते, मोठे दीनदारही नव्हते. राष्ट्र वाचवायचं तर राष्ट्रात एकच रंग पाहिजे, या विचाराचे ते राजकारणी होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे जे घडलं त्यावर बाहेरच्यांनी इस्लामचा शिक्का मारला आणि आपल्यातल्या कित्येकांनी इस्लामच्या नावाने त्याचा बचाव केला. दोघांनीही चूक केली.

मॉर्गेंथाऊ यांचे या तिघांशी संबंध सुरुवातीला चांगले जमले. तलत त्यांच्याकडे जेवायला यायचे, गप्पा व्हायच्या. १९१४ च्या वसंतात मॉर्गेंथाऊ पॅलेस्टाइन फिरून आले. तिथल्या सर्व धर्मांच्या लोकांना भेटले. एक हुशार, बोलका, थोडा स्वतःवर खूश असलेला राजदूत, अशीच त्यांची ओळख राहिली असती. पण ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटलं.

नऊ देशांचा वकील म्हणावा असा माणूस

नोव्हेंबर १९१४ पर्यंत उस्मानी सल्तनत जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली होती. इंग्लंड, फ्रान्स, रशिया यांचे राजदूत निघून गेले. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. त्यामुळे मागे राहिलेल्या परदेशी लोकांची, त्यांच्या शाळा-दवाखान्यांची जबाबदारी मॉर्गेंथाऊ यांच्यावर आली. एकाच माणसाला कित्येक देशांचं वकीलपत्र मिळालं, असंच म्हणा ना.

हे काम त्यांनी चोख केलं. पॅलेस्टाइनमध्ये उपासमारीची वेळ आली तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कला तार करून ५०,००० डॉलर मागवले आणि ते पोचते केले. मे १९१५ मध्ये गॅलीपोलीवर इंग्रज-फ्रेंच फौजा उतरल्या होत्या, जहाजांवरून तोफांचा मारा चालू होता. अन्वर पाशांनी ठरवलं की इस्तंबूलमधल्या इंग्रज आणि फ्रेंच नागरिकांना तिकडे नेऊन ठेवायचं, म्हणजे तोफा थांबतील. मॉर्गेंथाऊ यांनी घासाघीस केली. बायका-मुलं वगळली, मग म्हातारे वगळले, शेवटी आकडा फक्त ५० तरुणांवर आणला. ते ५० जण गेले आणि काही दिवसांनी सुखरूप परत आले. बोलून बोलून माणसं वाचवता येतात, ही वकिलाची श्रद्धा तोपर्यंत शाबूत होती.

तारा येऊ लागल्या

आर्मेनियन हे अनातोलियातले जुने ख्रिस्ती रहिवासी. शेतकरी, कारागीर, व्यापारी, शिक्षक. शतकानुशतकं उस्मानी राज्यात राहत होते. काही आर्मेनियन गट रशियाच्या बाजूने लढत होते आणि एप्रिल १९१५ मध्ये व्हान शहरात आर्मेनियन लोकांनी हत्यार उचललं, हेही खरं. सरकारने मात्र मूठभरांचा हिशेब सगळ्या कौमकडून वसूल करायचं ठरवलं.

२४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबूलमध्ये दोनशेहून जास्त आर्मेनियन लेखक, डॉक्टर, वकील, पुढारी उचलले गेले. त्यातले बहुतेक परत आले नाहीत. मे महिन्याच्या शेवटी स्थलांतराचा कायदा आला. गावंच्या गावं रिकामी करून लोकांना शामच्या वाळवंटाकडे, देर-अज-झोरकडे, चालत पाठवायला सुरुवात झाली. पुरुषांना बहुतेक ठिकाणी आधीच वेगळं काढून मारलं जायचं. बायका, मुलं, म्हातारी माणसं रस्त्यात भुकेने, तहानेने, रोगाने आणि टोळ्यांच्या हल्ल्यात मरायची.

राजधानीत बसून हे दिसत नव्हतं. पण अनातोलियात जागोजागी अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखाने होते आणि अमेरिकेचे कॉन्सल होते. हारपूटला लेस्ली डेव्हिस, हलबला जेसी जॅक्सन. त्यांचे अहवाल येऊ लागले. डेव्हिस हे स्वतः वकिली शिकलेले. त्यांनी नुसतं लिहिलं नाही, कित्येक आर्मेनियनांना आपल्या कचेरीच्या आवारात लपवून ठेवलं. जॅक्सन यांच्या हलबमध्ये रोज नवे काफिले पोचत होते, हाडांचे सापळे झालेले.

मॉर्गेंथाऊ यांना आधी विश्वास बसेना. युद्धात अफवा फार उठतात, हे त्यांना माहीत होतं. पण वेगवेगळ्या गावांतून, एकमेकांशी संपर्क नसलेली माणसं एकच गोष्ट सांगत होती. वकिलाला साक्षीची पारख असते. दहा साक्षीदार दहा ठिकाणांहून जुळणारी हकीकत सांगतात, तेव्हा ती अफवा राहत नाही. १६ जुलै १९१५ रोजी त्यांनी वॉशिंग्टनला तार पाठवली. हे युद्धातलं नेहमीचं स्थलांतर नसून बंडाचं निमित्त करून एका पूर्ण वंशाला संपवण्याची मोहीम चालली आहे, असं त्यांनी कळवलं.

तलत यांच्यासमोर

त्या उन्हाळ्यात मॉर्गेंथाऊ पुन्हा पुन्हा तलत आणि अन्वर यांना भेटत राहिले. या भेटींची हकीकत त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिली. एकदा तलत यांनी विचारलं की तुम्ही तर यहुदी, आणि हे लोक ख्रिस्ती, मग तुम्हाला त्यांची एवढी काळजी कशाला. मॉर्गेंथाऊ यांनी सांगितलं की मी इथे यहुदी म्हणून आलेलो नाही, अमेरिकेचा राजदूत म्हणून आलो आहे, आणि बोलतोय ते माणुसकीच्या नात्याने.

दुसऱ्या एका भेटीचा प्रसंग अंगावर काटा आणतो. बऱ्याच आर्मेनियन लोकांनी अमेरिकन कंपन्यांकडे आयुर्विमा उतरवला होता. तलत यांनी त्या विमेदारांची यादी मागितली. लोक मेले, वारस उरले नाहीत, तेव्हा ते पैसे आता सरकारला मिळायला हवेत, असा त्यांचा हिशेब. मॉर्गेंथाऊ संतापून उठून गेले, असं ते लिहितात.

जर्मनीच्या राजदूताकडे, वांगेनहाइम यांच्याकडे, ते गेले. तुर्कस्तान ज्यांचं ऐकेल असा देश तोच होता. तिथेही दाद लागली नाही. वॉशिंग्टननेही हात आखडता घेतला. निषेध करा, पण अमेरिका तटस्थ आहे हे विसरू नका, असा सूर. अडचण कायद्याचीही होती. आर्मेनियन हे उस्मानी प्रजाजन. सरकारने आपल्याच प्रजेशी कसं वागावं हा त्याचा घरचा मामला, असं त्या वेळचा आंतरराष्ट्रीय कायदा मानायचा. इंग्लंड, फ्रान्स आणि रशियाने मे १९१५ मध्ये जाहीर इशारा दिला होता, त्यात मानवतेविरुद्ध गुन्हा अशा अर्थाचे शब्द होते. तो इशाराही मॉर्गेंथाऊ यांच्यामार्फतच तुर्की सरकारला पोचला. पण कागदावरच्या शब्दांनी काफिले थांबले नाहीत.

मग जे हातात होतं ते त्यांनी केलं. अमेरिकेतल्या ओळखीच्या लोकांना मदतीची हाक दिली. न्यूयॉर्कमध्ये समिती उभी राहिली, तीच पुढे निअर ईस्ट रिलीफ या नावाने ओळखली गेली. सामान्य अमेरिकन माणसांनी, शाळकरी पोरांनीसुद्धा, पैसे दिले. पुढच्या १५ वर्षांत ११ कोटी डॉलरहून जास्त मदत जमली आणि सव्वा लाखाहून जास्त अनाथ मुलं सांभाळली गेली. राजदूत मॉर्गेंथाऊ यांना नरसंहार थांबवता आला नाही. पण जे उरले त्यांच्या तोंडात घास पडला, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

१९१६ च्या सुरुवातीला ते इस्तंबूल सोडून गेले. ज्या शहरात आता फक्त हताशपणे बघत बसायचं होतं, तिथे राहणं त्यांना असह्य झालं होतं.

ज्यांनी हुकूम मानला नाही

इथे एक गोष्ट आपण मुलांना सांगितलीच पाहिजे. या काळात जुल्माविरुद्ध फक्त अमेरिकन उभे राहिले असं नाही. हलबचे गव्हर्नर जलाल बे यांनी आर्मेनियनांना हाकलण्याचा हुकूम अमलात आणायला विरोध केला. त्यांना तिथून काढून कोन्याला पाठवलं. कोन्यालाही ते अडून राहिले, तेव्हा तिथूनही हटवलं. कुताह्याचे अधिकारी फाइक अली बे यांनी आपल्या भागातल्या आर्मेनियनांना हात लावू दिला नाही. दियारबकर प्रांतातल्या लिजे गावचे हुसेन नसीमी यांनी नकार दिला, तर त्यांचा खून झाला. देर-अज-झोरचे अली सुआद बे निर्वासितांना आसरा देत राहिले आणि त्यांची बदली झाली. अरब वस्त्यांमध्ये, कुर्द डोंगरांमध्ये कित्येक घरांनी अनाथ मुलं लपवली. मक्केचे शरीफ हुसेन यांनी १९१७ मध्ये आपल्या लोकांना लेखी ताकीद दिली की आर्मेनियनांचं रक्षण स्वतःच्या माणसांसारखं करा.

हे सगळे मुसलमान होते. आपला आदर्श तलत आणि अन्वर असावेत की जलाल बे आणि हुसेन नसीमी, हे आपण ठरवायचं आहे. दोन्ही नावं मुसलमानांचीच आहेत. पण पहिली नावं आपल्या पोरांना माहीत आहेत, दुसरी नाहीत. हा दोष आपला.

पुस्तक आणि त्यातल्या उणिवा

१९१८ साली मॉर्गेंथाऊ यांचं राजदूत म्हणून आठवणींचं पुस्तक निघालं. मजकूर बर्टन हेंड्रिक नावाच्या पत्रकाराच्या मदतीने तयार झाला होता. अमेरिका तोवर जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली होती आणि लोकांनी युद्धाला पाठिंबा द्यावा हा या पुस्तकाचा उघड हेतू होता. त्यामुळे संवाद रंगवलेले आहेत. तुर्क लोकांबद्दल सरसकट वाईट लिहिलंय, जणू सगळी कौमच जन्मजात क्रूर. हे वाचताना त्रास होतो आणि व्हायलाच पाहिजे. एका कौमवर झालेला जुल्म सांगताना दुसऱ्या कौमला सरसकट बदनाम करणं हा इन्साफ नव्हे. काही इतिहासकारांनी त्यांची रोजनिशी आणि पुस्तक शेजारी ठेवून फरक दाखवले आहेत.

पण म्हणून घडलेलं खोटं ठरत नाही. पुस्तक बाजूला ठेवा. त्या वेळच्या तारा आहेत, कॉन्सलांचे अहवाल आहेत. तुर्कस्तानचा दोस्त असलेल्या जर्मनीच्या दफ्तरातही तेच लिहिलेलं आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, युद्ध संपल्यावर इस्तंबूलमध्ये उस्मानी सरकारच्याच लष्करी कोर्टाने १९१९ साली तलत, अन्वर आणि जमाल यांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. किती माणसं गेली याचे अंदाज ६ लाखांपासून १५ लाखांपर्यंत आहेत. आजचं तुर्की सरकार नरसंहार हा शब्द मान्य करत नाही, युद्धात दोन्ही बाजूंची माणसं मेली असं म्हणतं. बहुतेक इतिहासकार मात्र याला नरसंहारच म्हणतात.

आपल्याकडे त्या काळात बऱ्याच लोकांना या बातम्या म्हणजे इंग्रजांचा प्रचार वाटला. त्यांना दोष देता येत नाही. खबर देणारा इंग्रज होता आणि इंग्रजाने आपल्याला कमी फसवलं नव्हतं. खिलाफतीवरची त्यांची मोहब्बत सच्ची होती. पण आपण शंभर वर्षांनंतरचे आहोत. कागद आपल्यासमोर आहेत.

पोलंड, पॅलेस्टाइन, ग्रीस

मॉर्गेंथाऊ यांची पुढची ३० वर्षंही रिकामी गेली नाहीत. १९१७ च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानला युद्धातून वेगळं काढता येतं का ते पाहायला विल्सन यांनी त्यांना गुपचूप पाठवलं. तुर्कस्तानशी असा तह झाला तर पॅलेस्टाइन त्याच्याकडेच राहील, ही झायोनिस्टांना धास्ती. त्यांचे नेते खाइम वाइझमन यांनी जिब्राल्टरला गाठून मॉर्गेंथाऊ यांना परत फिरवलं.

हे स्वतः यहुदी, पण पॅलेस्टाइनमध्ये यहुदी राष्ट्र उभारायला त्यांचा ठाम विरोध होता. १९१९ मध्ये त्यांनी इतर अमेरिकन यहुद्यांबरोबर अशा राष्ट्राविरुद्धच्या निवेदनावर सही केली आणि १९२१ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. ज्या देशात राहतो तिथेच बरोबरीचा हक्क मागायचा, ही त्यांची भूमिका. शिवाय त्या जमिनीवर आधीपासून राहणारे अरब आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. यहुदी म्हटला की झायोनिस्ट, असं आपण पटकन म्हणून टाकतो. मॉर्गेंथाऊ यांचं आयुष्य हा समज खोडून काढतं.

१९१९ मध्येच पोलंडमध्ये यहुद्यांवर हल्ले झाले, तेव्हा चौकशीसाठी नेमलेल्या अमेरिकन मंडळाचे ते प्रमुख होते. इथे प्रश्न त्यांच्याच कौमचा होता. तरीही अहवाल मोजूनमापून लिहिला. ८ घटना, सुमारे २८० मृत्यू, कुठे कोणाचा दोष. अतिशयोक्ती नाही, झाकाझाकही नाही. पोलंडही नाराज झाला आणि बरेचसे यहुदीही.

मग ग्रीस. १९२३ मध्ये लोझानच्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल केली. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला. भाषा विचारली नाही, मर्जी विचारली नाही, फक्त धर्म पाहिला. क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान बोटीत बसवून तुर्कीला धाडले. जवळपास ४ लाख मुसलमान तिकडे गेले, १२ लाखांच्या आसपास ख्रिस्ती इकडे आले. ज्यांच्या घरात १९४७ च्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

५० लाखांच्या आसपास वस्तीच्या गरीब ग्रीसवर हा लोंढा आदळला. राष्ट्रसंघाने निर्वासितांना वसवण्यासाठी आयोग नेमला आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले मॉर्गेंथाऊ. वय ६७. वर्षभर अथेन्समध्ये राहून त्यांनी सुमारे १ कोटी पौंडांचं आंतरराष्ट्रीय कर्ज उभं करायला मदत केली. जमीन, घरं, बैल, बियाणं, कामधंदा, सगळं त्यातून. जमिनीचे व्यवहार करून कमावलेली अक्कल अखेर बेघरांच्या कामी आली.

मागे काय उरलं

हेन्री मॉर्गेंथाऊ २५ नोव्हेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. वय ९० वर्षं. जर्मनीत यहुद्यांचं काय झालं हे त्यांनी जाण्याआधी ऐकलं होतं.

त्यांचा मुलगा, हेन्री मॉर्गेंथाऊ ज्युनियर, रूझवेल्ट यांचा अर्थमंत्री झाला. बापाला न मिळालेली खुर्ची मुलाला मिळाली. युरोपातल्या यहुद्यांना वाचवण्यात अमेरिकेचंच परराष्ट्र खातं चालढकल करतंय, हे त्याच्या खात्यातल्या लोकांनी पुराव्यानिशी दाखवलं. तो कागद घेऊन हा मुलगा राष्ट्राध्यक्षांकडे गेला आणि जानेवारी १९४४ मध्ये निर्वासितांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं. पण पॅलेस्टाइनबाबत त्याने बापाची वाट सोडली. इस्रायल झाल्यावर त्यासाठी त्याने पैसा उभा केला. वारसा पूर्ण उतरतोच असं नाही. नात बार्बरा टकमन मोठी इतिहासकार झाली. ऑगस्ट १९१४ मध्ये आजोबांना भेटायला इस्तंबूलकडे निघालेल्या बोटीवर ती दोन वर्षांची होती, आणि पुढे त्याच महिन्यावर तिने जगभर गाजलेलं पुस्तक लिहिलं.

जो कायदा १९१५ मध्ये नव्हता, तो पुढे आला. राफाएल लेमकिन या पोलिश यहुदी वकिलाला आर्मेनियनांच्या कहाणीने तरुणपणी अस्वस्थ केलं होतं. नरसंहारासाठीचा आंतरराष्ट्रीय शब्द त्याने १९४४ मध्ये तयार केला, आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार संमत केला. आज गाझाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय कोर्टात ज्या कायद्याखाली मांडला गेला, तो हाच.

इथे थोडं थांबून विचार करा. आपल्या लोकांवर जुल्म होतो तेव्हा जगाने गवाही द्यावी, असं आपण म्हणतो. बरोबरच आहे. पण ज्या दिवशी जुल्म करणाऱ्याचं नाव आपल्यासारखं असतं, त्या दिवशी आपण गप्प बसलो, तर उद्या आपल्यासाठी कोण बोलेल? इन्साफाच्या बाजूने उभं राहा, मग ते आपल्याच माणसांच्या विरुद्ध का जाईना, ही शिकवण आपल्याला कुणा अमेरिकनाकडून घ्यायची नाही. ती आपल्या घरातलीच आहे. आपण फक्त ती सोयीनुसार वापरतो.

त्या मुलीला मी दुसऱ्या आठवड्यात वर्गातच उत्तर दिलं. म्हटलं, हो बेटा, खरं आहे. आणि मग जलाल बे यांचंही नाव फळ्यावर लिहिलं, मॉर्गेंथाऊ यांचंही. तास संपेपर्यंत प्रश्न येत राहिले. काहींची उत्तरं मला येत होती, काहींची नाही. पण या वेळी कुठलाही प्रश्न टाळला नाही.